प्लस-मायनस

गुरुवार, रात्री ११.२०

आज कंपनीला सुट्टी पण कॉलेज चालू, आणि रविवारी कॉलेजला सुट्टी तर कंपनी चालू. भोसरी एमआयडीसीत गुरुवारची सुट्टी का, तर सगळे कारखाने एकाच वारी बंद नकोत, वार वाटले की विजेचा लोड पण वाटला जातो. कारण एकदम पटतं, फक्त माझा आख्खा रविवार त्यात गेला हे बायकोला पटत नाही.

आज लॅबमध्ये कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा डबा) उडवला. नऊ वर्षं मेंटेनन्सला आहे, ४१५ व्होल्टच्या पॅनलमध्ये हात घालतो आणि १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर फजिती झाली. एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर होता, चार डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारे) ४००७ नंबरचे, ते बरोब्बर लावले, मग १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला आणि सरळ उलटा लावला. सप्लाय दिला, थोडा वेळ काहीच नाही, मग फट्ट! आणि तो वास, अजून शर्टाला येतोय. शेजारचा पार्टनर सबस्टेशनला ऑपरेटर आहे, तो पण दोन पावलं मागे. सर ओरडले नाहीत, म्हणाले, "तुम्ही एसीवाले ना, प्लस-मायनस बघायची सवयच नसते तुम्हाला." खरंय की. मोटर उलटी फिरली तर आम्ही तीनपैकी दोन फेजच्या वायर आपसात बदलतो, विषय संपला. इथे अंगावर पांढरी पट्टी छापलेली असते मायनसच्या बाजूला, आणि मी ती डिझाईन समजून सोडून दिली 😅

दुसरा लावल्यावर मीटरवर सोळाच्या वर दाखवलं. हिशोबाने एसीचं टोक १२ गुणिले १.४१४ म्हणजे १७, त्यातून दोन डायोड खातात ते १.४ गेले की १५.६. सर म्हणाले लोड नाही ना, म्हणून जास्त.

पण आजचं खरं हे नाहीच. थिअरीला स्टार-डेल्टा होतं, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत चालू करायची आणि स्पीड आला की डेल्टा जोडणीत न्यायची. मी झोपायच्या तयारीत, कारण स्टार्टर मी डोळे मिटून वायर करतो. सरांनी विचारलं स्टारमध्ये का चालू करतात, मी म्हणालो करंट कमी घेते म्हणून. किती कमी? गप्प. मग त्यांनी फळ्यावर मांडलं, स्टारमध्ये वाइंडिंगला ४१५ च्या जागी २४० च मिळतात, लाइन करंट एक-तृतीयांश होतो, आणि टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, ती पण एक-तृतीयांश. हे टॉर्कचं ऐकलं आणि मला आमचा जुना कन्व्हेयर आठवला. माल भरलेला असला की तो स्टारमध्ये गुरगुरत बसायचा, स्पीडच घ्यायचा नाही, डेल्टाला गेला की ट्रिप. दोन कॉन्टॅक्टर (मोटरचे मोठे स्विच) बदलले, टायमर बदलला, करंट वाढला की मोटर बंद पाडणाऱ्या ओव्हरलोड रिलेला शिव्या घातल्या, शेवटी हेल्परला सांगितलं आधी बेल्ट रिकामा कर मग चालू कर. उपाय बरोबर होता पण का ते आज कळलं, सहा वर्षांनी. कॉन्टॅक्टरचे पैसे कंपनीचे गेले म्हणून बरं.

जर्नलचं सहा नंबरचं प्रॅक्टिकल परत लिहायचंय, ग्राफची स्केल चुकलीय, सर तशी सही देणार नाहीत. उद्या फर्स्ट शिफ्ट, सातला पंचिंग. अर्धा ग्राफ काढलाय, उरलेला टी-ब्रेकमध्ये काढतो, पेन्सिल डब्याच्या पिशवीत टाकून ठेवली.