अठरा पूर्ण झाली, आता राहायचं कुठे?

बालगृहात वाढलेल्या प्रत्येक मुलीला आपली जन्मतारीख पाठ असते, कारण अठरा पूर्ण झाली की तिथला मुक्काम संपतो. पुढे राहायचं कुठे, याचा विचार कायद्यात केलेला आहे हे मात्र मला बारावीच्या दिवाळीत कळलं. आमच्या आधी बाहेर पडलेली एक ताई फराळ घेऊन भेटायला आली होती. तिने विचारलं, "तुझा अनुरक्षणाचा अर्ज गेला का?" मी तो शब्दच पहिल्यांदा ऐकत होते. अनुरक्षण म्हणजे बालगृह सोडल्यानंतर मिळणारा आधार.

बाल न्याय कायदा, २०१५ मधलं कलम ४६ यासाठीच आहे. बाल कल्याण समितीने आदेश दिला तर संस्था सोडल्यावरही एकविसाव्या वर्षापर्यंत आधार मिळू शकतो, खास परिस्थितीत आणखी दोन वर्षं. नियमाप्रमाणे मुलीच्या पुढच्या सोयीचा आराखडा ती बाहेर पडायच्या दोन महिने आधी समितीपुढे जायला हवा. माझा आराखडा कोणी केलेलाच नव्हता. केस वर्कर बदलल्या होत्या आणि नव्या मॅडमना कामाचा ढीग मिळाला होता. मग ताईने मला शेजारी बसवून अर्ज लिहून घेतला. पुण्यात फार्मसीच्या डिप्लोमाला जायचंय, कोणाबरोबर राहणार, भाडं अंदाजे किती, सगळं त्यात घातलं. अर्जाची पोच घ्यायला तिने बजावलं होतं, आणि ती पोच पुढे फार कामी आली.

समितीपुढे पहिला प्रश्न आला, "तुझे मामा आहेत ना, त्यांच्याकडे का जात नाहीस?" मी म्हटलं, मॅडम, भेटीच्या रजिस्टरमध्ये इतक्या वर्षांत त्यांची एकही सही नाही. त्यांनी रजिस्टर मागवलं, पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. माझ्याबरोबरच्या एकीची आई हयात आहे, म्हणून तिला अनाथ प्रमाणपत्र मिळालं नाही आणि आपल्याला काहीच मिळणार नाही असं ती धरून बसली होती. तसं नाही. अनुरक्षणासाठी तुम्ही बालगृहातून बाहेर पडताय, एवढं पुरतं.

आदेश हातात आला, पण आदेशात घर नसतं. आमच्या जिल्ह्यात मुलींसाठी अनुरक्षणगृह नव्हतं. नियमांत तात्पुरत्या गट-निवासाची तरतूद आहे, म्हणून बालगृहातल्या आम्ही तिघींनी मिळून पुण्यात कात्रजला खोली शोधायला सुरुवात केली. घरमालक भाड्याच्या आधी "आईवडील काय करतात?" हे विचारायचे. काहींचं सगळं ठरत यायचं, आणि आधार कार्डावर बालगृहाचा पत्ता दिसला की "आम्ही फॅमिलीलाच देतो" असं उत्तर मिळायचं. त्या दिवसांत फार राग यायचा. आम्ही चोरी केली नव्हती, कोणाचं भाडं बुडवलं नव्हतं.

शेवटी एका काकूंनी समितीचा आदेश चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमची चौकशी सरकारनेच केली आहे की." दोन महिन्यांचं डिपॉझिट ताईने उसनं दिलं.

एजंट म्हणत होता, नोटरी करून भागवू, खर्च वाचेल. आम्ही ऐकलं नाही. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीकृत करार असला की आधारवरचा पत्ता बदलता येतो. बँकेलाही हा नवा पत्ता लागतो, कारण लहानपणीचं खातं अठरानंतर नव्याने केवायसी करून घ्यावं लागतं. करारात तिघींचीही नावं घालून घेतली. एकीचंच नाव असतं तर बाकी दोघी कागदावर पुन्हा बेघरच राहिल्या असत्या. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला, तेव्हा दोन साक्षीदार हवे होते. इतरांचे काका-मावशी येतात. आमच्यासाठी ताई आली आणि कॉलेजच्या आमच्या मॅडम सुट्टी टाकून आल्या. पोलीस व्हेरिफिकेशन त्यानंतर सहज झालं.

मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेतून दरमहा ४,००० रुपये मंजूर झाले, पण ते वेळेवर सुरू झाले नाहीत. घरभाडं काही थांबत नाही. मी संध्याकाळी मेडिकलमध्ये काम धरलं, दुसरी पार्लरमध्ये शिकता शिकता कमवू लागली. अर्जाची पोच आणि आदेशाची झेरॉक्स घेऊन आम्ही कार्यालयात जात राहिलो, तेव्हा कुठे रक्कम खात्यात यायला लागली. पहिले काही महिने तरी हाताशी असतील अशी सोय बाहेर पडण्याआधीच करून द्यायला हवी, हे मी तिथे लेखी दिलं आहे.

आमच्या बालगृहातल्या दोघी येत्या जूनमध्ये अठराच्या होतील. त्यांचे आराखडे मागच्याच महिन्यात समितीकडे गेले आहेत. काकूंच्या वरच्या मजल्यावरची खोली मे महिन्यात रिकामी होतेय, तिचं मी त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. साक्षीदार म्हणून आता आम्हीच उभ्या राहू.