टर्बोच्या ढांगा
सिडनीत येऊन मी रग्बी लीगच्या नादी लागलो तो इथल्या मॅन्ली क्लबच्या फुलबॅकमुळे, म्हणजे सगळ्यात मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूमुळे. टॉम ट्रबोयेविच, म्हणजे आमचा टर्बो. उंच गडी, लांब ढांगा. मागे किक झेलली की सुसाट. पण पाऊल टेकायच्या ऐन आधी मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, ताणलेल्या अवस्थेतच ब्रेक लावत असतो आणि फाटतो तो बहुधा तिथेच. म्हणून काही जण म्हणतात, त्याची ढांगच आखूड करा. २०२१ मध्ये हॅमस्ट्रिंगमुळे सुरुवातीचे सामने हुकूनही पठ्ठ्याने मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक पटकावलं!

सिडनीच्याच रूस्टर्स क्लबचा फुलबॅक जेम्स टेडेस्को आखूड पावलांचा, खाली वाकून कट मारणारा, म्हणजे झटकन दिशा बदलणारा. म्हणून तो सुरक्षित? छे, २०१२ मध्ये पदार्पणातच त्याचा गुडघा गेला होता. तेव्हा टर्बोची ढांग आखूड करा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यापेक्षा स्नायूला त्या ताणाची सवय राहावी म्हणून आठवडाभरात सरावातही थोडं पूर्ण वेगाने पळवा त्याला.