सीटचं गाव

प्रत्येक मोटरसायकलच्या सीटचं एक गाव असतं. शोरूममध्ये ते कुणी सांगत नाही. सोलापुरातून पुण्याच्या रस्त्याला लागलं की आपोआप कळतं. काही सीटांचं गाव मोहोळ. तिथवर माणूस ऐटीत येतो आणि मोहोळ आलं की पहिल्यांदा या कुल्ल्यावरचं वजन त्या कुल्ल्यावर टाकतो. बऱ्यापैकी सीटा मोडनिंबपर्यंत तग धरतात. टेंभुर्णी ओलांडून देणारी सीट चांगली म्हणायची. आणि भीमानगरला उजनीचं धरण येईपर्यंत ज्याला स्वतःच्या बुडाची आठवण झाली नाही, त्यानं ती गाडी कधी विकू नये, असं माझं मत आहे.

माझ्या गाडीच्या मूळ सीटचं गाव मोडनिंब होतं. तिथून पुढं इंदापूर, भिगवण, पाटस, यवत असा सगळा संसार पडलेला. आधी बुडाखाली ऊब जाणवायची, मग मुंग्या, मग काहीच नाही. हे काहीच नाही सर्वांत वाईट. मग फुटरेस्टवर उभं राहायचं आणि दोन्ही बाजूंचा ऊस बघतोय असं दाखवायचं. या रस्त्यावर असे ऊस बघत उभ्यानं चाललेले बरेच जण भेटतात. एकमेकांना हात करतात. खरं कारण कुणी बोलून दाखवत नाही.

गंमत म्हणजे ही सीट मऊ होती. घेतानाच अंगठ्यानं दाबून पाहिली होती, छान दबत होती. सगळेच असं दाबून बघतात. पण अंगठ्याला कुठं पुण्याला जायचं असतं? बसल्यावर माणसाचा भार मुख्यतः ढुंगणाच्या दोन हाडांवर येतो. मऊ फोम त्या दोन हाडांखाली दबत दबत तळाला जातो आणि तासाभरानं आपण फोमवर नसून त्याखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर बसलेलो असतो. वर आजूबाजूचा फोम मांसाला सगळीकडून बिलगतो, वारा लागत नाही, रक्त नीट फिरत नाही. लग्नाच्या हॉलातल्या सोफ्यासारखंच ते, पहिली पाच मिनिटं स्वर्ग आणि अक्षता पडेपर्यंत उठायला आधार शोधायचा. त्यात आपल्या गाड्यांवर बसायची पद्धत ताठ. पुढं वाकून चालवायच्या गाडीत थोडं वजन मनगटांवर तरी जातं. इथं सगळं सरळ पाठीच्या कण्यातून खाली. सीटला टाकीच्या बाजूला उतार असेल तर विचारायलाच नको. दर ब्रेकला माणूस पुढं घसरतो आणि दर गावाला मागं सरकतो.

बाजारात यावर उपाय ढिगानं आहेत आणि त्यातले बरेचसे थंड मुलखात शोधलेले दिसतात. जेलची गादी घ्या म्हणतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. कचेरीबाहेर उन्हात दोन तास उभी राहिलेली जेलची गादी काय करते हे ज्यानं अनुभवलंय त्याला मी सांगायची गरज नाही. जेल उष्णता पिऊन बसतं आणि सावकाश परत करतं, आपल्यालाच. मेमरी फोमचंही तसंच. हा फोम १९६० च्या दशकात नासासाठी, विमानाच्या सीटांकरता तयार झाला. ऊब मिळाली की तो मऊ होतो, हाच त्याचा गुण. आमच्याकडं माणूस बसायच्या आधीच ऊब हजर असते, त्यामुळं मे महिन्यात तो गुण उधळलेला असतो. त्यातल्या त्यात पटते ती हवेच्या कप्प्यांची गादी. तिचं मूळ चाकाच्या खुर्चीत आहे. दिवसदिवस एका जागी बसणाऱ्यांना जखमा होऊ नयेत म्हणून असे एकमेकांना जोडलेले कप्पे आले. एका ठिकाणी दाब वाढला की हवा शेजारच्या कप्प्यात सरकते. फक्त हवा कमी भरायची असते. आपल्याकडं पंक्चरवाल्यापासून सगळ्यांचा स्वभाव ‘टम्म भरून द्या’ असा, आणि टम्म भरलेल्या गादीवर माणूस गाडी वळली की स्वतंत्रपणे वळतो.

हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले यातलं काही वापरत नाहीत. ते लाकडी मण्यांच्या कव्हरवर बसतात. मण्यांच्या फटींतून वारा खेळतो, घाम वाळतो, आणि बसल्या बसल्या जरा हललं की दाबाच्या जागा बदलतात. अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची संस्था आहे. २४ तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६०० किलोमीटर, गाडी हाणली की ती प्रमाणपत्र देते. त्या पंथातही मण्यांचे भक्त आहेत हे कळल्यावर मला आमच्या ट्रकवाल्यांचा फार अभिमान वाटला.

सोलापूरकराचा स्वतःचा उपाय मात्र टॉवेल. इथला टेरी टॉवेल कुठल्या कुठल्या देशांच्या न्हाणीघरांत जातो. इथं तो काळ्या रेक्झिनवर अंथरला जातो. उन्हात तापलेल्या सीटवर नुसत्या पँटनिशी बसणं हे परगावच्या माणसाचं लक्षण. टॉवेल घाम पितो, चटका अडवतो, पण सरकतो. मोहोळपर्यंत तो अर्धा मागच्या सीटवर गेलेला असतो. इलॅस्टिक शिवून घेतलेला टॉवेल मी वापरून पाहिला, बरा आहे. त्याहून बरं निघालं ते धनगरी घोंगडं. परदेशात लांबचे स्वार मेंढीचं कातडं अंथरतात, कारण लोकर उन्हाळ्यातही हवा खेळती ठेवते. आपल्याकडं मेंढीही आहे, लोकरही आहे, आणि घोंगडं तर माळ्यावर पडलेलंच असतं. टोचतं, हे मान्य. पण टोचणारी वस्तू मुंग्या येऊ देत नाही.

हे सगळे वरवरचे इलाज. खालचा फोम चुकलेला असेल तर वर काय अंथरता याला मर्यादा आहे. म्हणून शेवटी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका सीटवाल्याकडं गेलो. घरचा जुना धंदा मागाचा. आता दोघं भाऊ सीट, कुशन, रिक्षाचे हूड शिवतात. आपसात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, रेडिओ हिंदी. त्यानं सीटला हातही लावला नाही. विचारलं, “कुठवर जाता, मालक?”

इतक्या दुकानांत मला रंग विचारला होता, शिलाईचं डिझाइन विचारलं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

“पुण्याला.”

“रोज?”

“नाही, अधूनमधून.”

“मग मऊ पायजे का टिकणारं पायजे?”

टिकणारं म्हणालो. त्यानं गाडी मेन स्टँडवर घेतली, मला वर बसवलं, हँडल धरायला लावलं आणि मागून बघत राहिला. मी शिस्तीत बसलो तर म्हणाला, “असं न्हाई, रोज बसता तसं बसा.” हे अवघड निघालं. बऱ्याच वेळानं माझे खांदे पडले, तेव्हा त्यानं रेक्झिनवर खडूनं खुणा केल्या. मग पेचकसानं पिना उचकल्या, रेक्झिन सोललं. आतला पिवळा फोम दोन हाडांच्या जागी बसलेला स्पष्ट दिसत होता. आपली अशी प्रतिमा फार कमी वेळा पाहायला मिळते. करवतीच्या पात्यानं त्यानं पुढचा उतार भरून काढायला जागा केली, खाली तुकडे दाबून बनवलेला टणक फोम घातला, त्यावर बोटभर मऊ थर, सोल्युशननं चिकटवून कडा घासल्या. मागची बाजू रुंद केली, पुढची निमुळती ठेवली, कारण पुढं रुंदी वाढली की पाय जमिनीला टेकत नाहीत. सात रस्त्याच्या सिग्नलला चवड्यांवर उभं राहायची हौस मला नाही. रेक्झिनखाली प्लास्टिकचा कागद घालायला मात्र मीच लावलं. शिलाईच्या भोकांतून पावसाचं पाणी आत जातं, फोम ते धरून ठेवतो, आणि पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी माणूस कचेरीत पाठमोरा चालत नाही.

“पैल्यांदा शिव्या घालाल मला,” तो म्हणाला. “म्हैनाभर बसा, मग या.”

घातल्या. नवी सीट मोहोळच्याही अलीकडच्या पाकणीपर्यंतच खटकली. कडक, अनोळखी, सारखी जाणवणारी. टेंभुर्णीला चहासाठी थांबलो ते चहाची तल्लफ आली म्हणून. इंदापूरच्या पुढं गेल्यावर मी सीटचा विचारच करत नव्हतो, गाडीच्या चेनच्या आवाजाचा करत होतो. एक दुखणं गेलं की दुसरं ऐकू यायला लागतं.

राहिली मागची सीट. तिच्यावर कंपन्या फोम चुकून सांडल्याइतकाच घालतात. खरं तर जास्त गरज तिथं आहे, कारण मागचा माणूस जवळपास मागच्या चाकावरच बसलेला असतो. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, तो जरा उचलून घेतो. मागच्याला खड्डा थेट बातमीसारखा येतो. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईचं वजन तर एका बाजूला जास्त. महिन्यानं सीट दाखवायला गेलो तेव्हा बायको बरोबर होती. सीटवाल्यानं तिलाही तोच प्रश्न केला, “ताई, तुम्ही कुठवर?”

“तुळजापूर,” ती म्हणाली. “पुण्याला मी वंदे भारतनं जाते. हे येतात मागनं.”

त्यानं खडू हातात घेतला. “मग तुमच्यात अर्धा इंच वाढवतो,” म्हणाला, “ह्यांच्यातनं काढून.”