पोटरीतला गोळा आणि बाटल्यांची पिशवी

साधारण दोनशे पावलं झाली की उजव्या पोटरीत गोळा यायचा. थांबलो की दोन-तीन मिनिटांत पोटरी मोकळी व्हायची, पुन्हा चालू लागलो की तेवढ्याच अंतरावर पुन्हा तेच. मी एकसष्ट वर्षांचा, त्यामुळे वयाचं दुखणं समजून वर्षभर तेल चोळत राहिलो. अंतर मोजून येणारं आणि थांबताच जाणारं दुखणं स्नायूला रक्त कमी पडल्याचं असू शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पंचवीस वर्षं सिगारेट ओढली होती, तेही मनाच्या कोपऱ्यात सारून ठेवलं होतं.

शेवटी मुलीच्या आग्रहामुळे तपासणीला गेलो. मला उताणं झोपवून दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना आळीपाळीने रक्तदाबाचा पट्टा बांधला. हाताशी रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं पेनाएवढं डॉप्लर यंत्र, त्याच्या टोकाला गार जेली. कोपराजवळ आवाज ठसठशीत आला, सप्-सप्, सप्-सप्. डाव्या घोट्याशी जरा हलका. उजव्या घोट्याशी तंत्रज्ञ बाई बराच वेळ ते टोक इकडून तिकडे सरकवत राहिल्या, आणि मग जे ऐकू आलं ते पडद्याआडून झुळूक जावी तसं होतं. माझ्याच पायातलं रक्त आहे ते, हे ऐकताना घशाला कोरड पडली.

दंडाचा दाब १४६, उजव्या घोट्याचा १०४. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागलं की ०.७१. निरोगी माणसात तो १ च्या आसपास किंवा किंचित वर असतो. ०.९० किंवा त्याखाली आला की पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असं धरतात. ज्यांच्या धमन्यांत कॅल्शियम साचून त्या फार कडक झालेल्या असतात, त्यांच्यात पट्टा धमनी दाबूच शकत नाही आणि आकडा उलट १.४ च्या वर जातो. मधुमेहींमध्ये असं बऱ्याचदा होतं, म्हणून त्यांच्या पायाच्या अंगठ्याचा दाब घेतात. कडक म्हणजे किती कडक, ते मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी, अॅस्पिरिन, सिगारेट बंद आणि रोज चालणं, एवढं लिहून दिलं. सिगारेट त्या रात्रीच सोडली. अॅस्पिरिन सुरू केली. स्टॅटिनची पट्टी मात्र कपाटात गेली. ही गोळी एकदा लागली की सुटत नाही, स्नायू दुखतात, यकृत बिघडतं, असं कितीतरी ऐकलं होतं. आणि वनस्पती होत्याच की! लसणाच्या कॅप्सूल, जिन्को नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क, गुग्गुळ, लाल यीस्ट राइस म्हणजे लाल बुरशीने आंबवलेला तांदूळ, आणि 'धमन्या स्वच्छ करणारं' एक मिश्रण. पाच बाटल्या. मी त्या मनापासून घेतल्या, वेळ चुकवली नाही. तीन महिने.

तीन महिन्यांनी एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात तो आकडा, १५८ वरून १५३ वर आला होता. पोटरी तशीच. शिवाय दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, आणि टेबलाचा कोपरा लागला तर मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग उठला. तो डाग बघून मुलगी म्हणाली, "बाबा, या बाटल्या डॉक्टरांना दाखवल्यात का?" नव्हत्या दाखवल्या. रागावतील याची भीती होती, खोटं कशाला सांगू.

पाचही बाटल्या पिशवीत घालून गेलो. ते रागावले नाहीत. एकेक बाटली उचलून लेबल वाचत गेले. लसणाचा अर्क आणि जिन्को हे दोन्ही रक्त गोठण्याच्या क्रियेत ढवळाढवळ करू शकतात, त्यात रोजची अॅस्पिरिन. हिरड्या आणि डागांचा संशय तिथेच होता. शस्त्रक्रिया ठरली असती तर हे आधी सांगणं भागच होतं. मग त्यांनी लाल यीस्ट राइसची बाटली वेगळी काढली. "तुम्ही स्टॅटिन नको म्हणालात ना? यात मोनाकोलिन के असतं. ते आणि लोव्हास्टॅटिन एकच रसायन आहे. फक्त या बाटलीत ते किती आहे, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही." मी बराच वेळ त्या बाटलीकडे बघत बसलो. ज्या औषधाला नकार देऊन आलो होतो तेच गिळत होतो, आणि तेही मोजमाप नसलेलं. अशा काही उत्पादनांत सिट्रिनिन नावाचं मूत्रपिंडाला घातक बुरशीचं विषही सापडलेलं आहे.

पाचव्या मिश्रणावर घटकांची मात्राच लिहिलेली नव्हती. ते तिथेच टाकलं.

घरी येऊन मी वाचायला बसलो. २००७ च्या एका अमेरिकी चाचणीत १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण, लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या किंवा नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी दिली होती. एलडीएलमध्ये फरक पडला नाही. गुग्गुळाच्या २००३ च्या चाचणीत तर आठ आठवड्यांत एलडीएल थोडा वाढलाच. चालताना पोटरी दुखणाऱ्यांना जिन्को देऊन झालेल्या चाचण्यांचा एकत्र आढावा २०१३ मध्ये निघाला, त्यात लक्षात येण्याजोगा फायदा दिसला नाही. २०२२ मध्ये लसूण, हळद, दालचिनी, लाल यीस्ट राइस, फिश ऑइल आणि वनस्पतीजन्य स्टेरॉल यांची तुलना रोसुव्हास्टॅटिनच्या अवघ्या ५ मिलिग्रॅम गोळीशी केली. २८ दिवसांत गोळीने एलडीएल ३८ टक्क्यांच्या आसपास उतरवला, बाकीची सगळी दिखाऊ गोळीच्याच पंक्तीला बसली.

मला फसवलं ते गंजलेल्या नळाच्या चित्राने. धमनी म्हणजे नळ, आत मळ, काढा प्या, मळ धुऊन निघेल. पण चरबी धमनीच्या आतल्या पृष्ठभागावर चिकटलेली नसते, ती अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत असते. एलडीएलचे कण तिथे शिरतात, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात, त्यावर तंतूंचं टोपण आणि पुढे कॅल्शियम येतं. धुवायला तिथे पोचणार कोण? ते टोपण फाटलं की रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. स्टॅटिन ते टोपण घट्ट करायला मदत करतं, म्हणूनच ते घेताना हृदयाच्या सीटी स्कॅनमधला कॅल्शियमचा आकडा वाढलेलाही दिसू शकतो. हे कळल्यावर कपाटातली पट्टी बाहेर आली. पुढच्या तीन महिन्यांत एलडीएल ७८. स्नायू पहिले पंधरा दिवस जड वाटले, मग नाही.

वनस्पतींवर माझा राग नाही. इसबगोल मी आजही घेतो, डॉक्टरांना सांगून, गोळ्यांपासून दोन तास दूर ठेवून. त्यातल्या विरघळणाऱ्या तंतूंमुळे कोलेस्टेरॉल थोडं खाली येतं, हे नीट तपासलेलं आहे.

सगळ्यात अवघड चालणंच होतं. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. असं मिळून पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, बारा आठवडे. दुखण्याच्या दिशेने मुद्दाम चालत जायला मन तयार होत नाही. पहिल्या आठवड्यात डोळ्यांत पाणी यायचं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मोजता मोजता चारशेच्या पुढे गेलो आणि मगच आठवलं की आज अजून थांबलो नाही.

वर्षभराने पुन्हा त्याच बाईंनी घोट्याला जेली लावली. आकडा ०.७३, म्हणजे होता तिथेच. आवाजही तसाच, झुळुकीसारखा. "किती चालता आता?" त्यांनी विचारलं. "न थांबता अकराशे पावलं," मी म्हणालो, आणि त्यांनी ते रिपोर्टच्या कडेला लिहून ठेवलं.