आमची वाटचाल: एका बेकरीच्या गाडीपासून

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. शाळा सुटली की मी तिथंच. पुढं शिकायला अमेरिकेत आलो, मिशिगनमध्ये बारा वर्षं नोकरी केली आणि २०११ मध्ये पत्नीच्या हिमतीवर फ्लिंटजवळ दोन गाड्या मावतील एवढा गाळा भाड्यानं घेतला. पहिली दोन वर्षं ब्रेक, क्लच, सायलेन्सर, जे येईल ते केलं. हिशेब ती बघायची, गाड्या मी.

आमचं आजचं काम, म्हणजे जुन्या गाडीचा वरचा डबा दुसऱ्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) बसवणं, सुरू झालं ते १९५१ च्या एका शेवरोलेमुळं. बंद डब्याची, मागं बाजूला खिडक्या नसलेली गाडी. इथं तिला पॅनेल ट्रक म्हणतात. पूर्वी बेकरीवाले, लाँड्रीवाले, फुलवाले तिच्यातून माल घरपोच करायचे. हिच्यातून एका आजोबांनी पाव वाटला होता आणि नातवाला ती हायवेवर चालवायची होती. मूळचं इंजिन सहा सिलिंडरचं, २१६ घनइंची, जेमतेम ९० अश्वशक्तीचं. त्यात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना ऑइल दाबानं मिळत नाही, उडवून मिळतं. गल्लीबोळात पाव वाटायला ते उत्तम, पण आजच्या हायवेच्या वेगानं तासन्‌तास पळवण्यासाठी ते बनलेलंच नाही. वीज ६ व्होल्टची, चारही ब्रेक ड्रमचे. म्हणून ठरलं, वरचा डबा तोच ठेवायचा, खाली शेवरोलेच्याच एस-१० पिकअपची चासी आणि ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवायचं.

एस-१० च्या लांब हौद्याच्या मॉडेलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ११८ इंचांच्या जवळपास, जुन्या गाडीचा ११६. पिकअप असती तर हौदा थोडा मागं सरकवून भागलं असतं. पॅनेल ट्रकमध्ये केबिन आणि डबा एकसंध, त्यामुळं चाकाची कमान जिथं आहे तिथंच चाक आलं पाहिजे. आम्ही चासी मधल्या सरळ भागात दोन इंच कमी केली. सांधा सरळ उभा न ठेवता तिरका कापला आणि आतून पट्ट्या घालून वेल्ड केला. उभ्या सांध्यावर सगळा ताण एकाच रेषेत येतो.

चूक मात्र त्याआधीच झाली होती. एवढा जाड पत्रा, त्याला काय होतंय, असं धरून मी डबा चेनपुलीनं तसाच उचलला. तळ गंजलेला आहे हे दिसत होतं, पण डब्याचा आकार चासीनंच धरून ठेवलाय हे डोक्यात आलं नाही. सकाळी ड्रायव्हरकडचं दार लावायला गेलो तर ते खालून चौकटीला घासत होतं आणि वरच्या फटीत माझं बोट जात होतं. ते सरळ करायला तीन आठवडे गेले. त्याचे पैसे आम्ही गिऱ्हाइकाकडून घेतले नाहीत आणि त्या महिन्याचं भाडं पत्नीच्या पगारातून गेलं.

तेव्हापासून पहिला बोल्ट सोडायच्या आधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप वेल्ड होतात. चारी कोपऱ्यांतून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं खुणा करतो, कर्ण मोजतो, दारांच्या फटी वहीत लिहितो. डबा नव्या चासीवर बसला की सगळं पुन्हा त्याच खुणांवर ताडून बघतो. ओळंबा बाबांच्या वर्कशॉपमधला, पितळी.

इंजिन बसल्यावरही दोन दिवस ते सुरू होईना. वायरिंग तीनदा तपासलं. शेवटी गेज लावला तर पेट्रोलचा दाब १२ पीएसआय. चासी १९९१ च्या पिकअपची, टाकीतला पंपही तिचाच, आणि या व्ही-८ ला लागतो ५८. पंप आणि लाइन बदलली, चावी फिरवली, एका दमात सुरू.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये नातवानं ती गाडी वुडवर्ड ड्रीम क्रूझला, डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, नेली. डब्यावरचं बेकरीचं फिकटलेलं नाव आम्ही पुसू दिलं नव्हतं. गाडी कुणी केली म्हणून लोक विचारत राहिले आणि त्या हिवाळ्यात तशीच दोन कामं आली. आता वर्षाला तीनच घेतो. पैसे टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्प्याचा अंदाज लेखी. दाराच्या खांबावर गाडीचा मूळ कारखान्याचा क्रमांक असलेली पट्टी असते, तिला हात लावत नाही. चासी बदलल्यावर कागदपत्रांचं काय, हे गिऱ्हाइकानं सरकारी कार्यालयात आधी विचारून यावं, मगच काम धरतो. नियम राज्याराज्यात वेगळे आहेत. आणि गाडी मूळ इंजिनावर धडधाकट चालत असेल तर मी सरळ सांगतो, हिला कापू नका, ब्रेक आणि वायरिंग सुधारून देतो. अशी कामं हातची गेली आहेत. वाईट वाटत नाही.

त्या पहिल्या गाडीची जुनी चासी आणि २१६ चं इंजिन नातवाकडं ठेवायला जागा नव्हती. दोन्ही आमच्या गाळ्याच्या मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली आहेत, इंजिनात ऑइल भरून. महिन्यातून एकदा क्रँक हातानं फिरवतो. अजून जाम झालेलं नाही.