इरॉसची माती दुरून ओळखताना

निअर शूमेकर हे अंतराळयान १४ फेब्रुवारी २००० रोजी इरॉस या लघुग्रहाभोवती फिरू लागलं. त्यावरच्या क्ष-किरण उपकरणाचा दिवा म्हणजे खुद्द सूर्य. सौर क्ष-किरण पडले की खडकातलं प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत सोडतं: मॅग्नेशियम १.२५, ॲल्युमिनियम १.४९, सिलिकॉन १.७४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. अडचण इथेच येते. वायूने भरलेल्या शोधकाला, म्हणजे क्ष-किरण टिपणाऱ्या भागाला, या तीन ऊर्जांच्या रेषा वेगळ्या दिसत नाहीत, एकच फुगवटा दिसतो.

त्यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो. शोधक तीन घ्यायचे. एक उघडा, दुसऱ्यासमोर मॅग्नेशियमचा पातळ पत्रा, तिसऱ्यासमोर ॲल्युमिनियमचा. मॅग्नेशियमचा पत्रा स्वतःची रेषा बरीचशी जाऊ देतो, पण ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनची अडवतो. ॲल्युमिनियमचा पत्रा मुख्यतः सिलिकॉनची. तिन्ही मोजण्यांची तुलना केली की प्रत्येकाचा वाटा सुटा होतो.

सूर्य शांत असेल तर संकेत क्षीण, म्हणून सौरज्वाळेच्या वेळची मोजणी मोलाची. सूर्याकडे रोखलेला वेगळा मापक हवाच. दिव्याचा उजेड माहीत नसेल तर उत्तर चुकतं. इरॉसवर गंधक कमी भरलं. पण क्ष-किरण वरचा मिलिमीटरभराचा थरही भेदत नाहीत, त्यामुळे ही कमतरता आतपर्यंत आहे की फक्त वरवरची, ते त्यातून कळत नाही.

मूलद्रव्यं ओळखायला उपयोगी पडणारे गॅमा किरण काही सेंटिमीटर खोलवरून येतात, मात्र कक्षेतून ते फारच विरळ. १२ फेब्रुवारी २००१ रोजी यान पृष्ठभागावर अलगद टेकलं, आणि चांगली गॅमा मोजणी तिथे मिळाली.