दुपारी टेम्पो दिसेनासा झाला

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना वर कातळाचा सडा लागतो. मार्चमधल्या एका दुपारी मी अकरावीच्या चौदा मुलांना तिथे घेऊन गेलो होतो. उष्णतेचं प्रारण नुसत्या फळ्यावर पोचत नाही, म्हणून विजेची कामं घेणाऱ्या मित्राकडून थर्मल कॅमेरा मागून आणला होता. तो त्यावर तारांचे तापलेले सांधे शोधतो.

बेत साधा होता. शंभरेक मीटरवर मासळीचा टेम्पो इंजिन चालू ठेवून उभा करायचा. पडद्यावर तो पांढराशुभ्र उठून दिसायला हवा. प्रत्यक्षात काहीच उठून दिसेना. जांभा तव्यासारखा तापलेला, टेम्पोचा पत्राही तसाच. सगळा पडदा एकाच करड्या रंगाचा. मुलं माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

एका मुलीचे आजोबा सोबत होते, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पडदा बघून म्हणाले, "सर, प्रयोग फसलेला नाय. रणगाडे फोडणाऱ्या आपल्या 'नाग' क्षेपणास्त्राला हेच नडलेलं."

पुढचा तास त्यांनीच घेतला.

त्यांनी स्वतः मिलान डागलेलं. हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र मूळ फ्रान्स-जर्मनीचं, आपल्याकडे भारत डायनॅमिक्स बनवते. पल्ला दोन किलोमीटर. त्याच्यामागून बारीक तार उलगडत जाते आणि दिशेचे संदेश त्या तारेतून पोचतात. संध्याकाळी मासे गरवायला जायचं म्हणून सुभेदारांच्या खिशात तंगूसचं रीळ होतं. टोक एका मुलाच्या हातात देऊन त्याला टेम्पोकडे पळायला सांगितलं आणि स्वतः गोणपाट टाकून पालथे झाले. "क्षेपणास्त्र पोचायला साडेबारा सेकंद. तोवर माझी नजर टेम्पोवरून हलता नये. समोरून गोळे येऊ देत, हलायचं नाय." मुलं मोठ्याने आकडे मोजत होती आणि त्यांच्या अंगठ्याखालून तंगूस सुरसुरत सुटत होता. बारापर्यंत त्यांची पापणी लवलेली मी पाहिली नाही.

"खाडीच्या पलीकडे मारायचं असेल तर?" एकाने विचारलं. तारेच्या क्षेपणास्त्रांना पाणी वाईट, त्यातही खारं, असं ते म्हणाले. प्रश्न खास आमच्या किनाऱ्याचा होता, मला फार आवडला.

नागला तार नाही. नाकातला शोधक रणगाड्याचं उष्णतेचं चित्र डागण्याआधीच पकडतो, मग क्षेपणास्त्र आपलं आपण जातं आणि डागणाऱ्याला लगेच जागा सोडता येते. ते वर चढून रणगाड्याच्या टपावर पडतं, कारण तिथलं चिलखत पातळ असतं. स्फोटक शीर्षं दोन, एकामागे एक: पहिलं चिलखतावर बचावासाठी बसवलेल्या स्फोटक विटा उडवतं, दुसरं आत घुसतं. पल्ला चार किलोमीटर. डॉ. अब्दुल कलामांच्या नेतृत्वाखाली १९८३ साली सुरू झालेल्या कार्यक्रमातल्या पाच क्षेपणास्त्रांपैकी हे एक. चाचण्या १९९० पासून सुरू झाल्या. पण राजस्थानच्या उन्हाळ्यात वाळू आणि रणगाडा सारखेच तापले की शोधकाला लांबून फरकच कळेना. शोधक सुधारत न्यावा लागला. वापरकर्त्यांची शेवटची चाचणी पोखरणला झाली ती २२ ऑक्टोबर २०२० रोजी. या उशिराबद्दल लोक नाकं मुरडतात. त्या दुपारचा करडा पडदा पाहिल्यापासून मला ते जमत नाही. रणगाडा फोडण्याआधी तो ओळखावा लागतो, आणि खरं कठीण काम तेच आहे.

घरोघरी फोन करून मुलांना थांबवून घेतलं. रात्री आठला कॅमेरा पुन्हा लावला. जांभ्याने ऊन धरून ठेवलेलं, पत्रा मात्र निवलेला. उजळ कातळावर टेम्पोची काळी आकृती आणि तिच्यात इंजिन नि सायलेन्सर पांढरे लखलखीत! मुलांनी एकच गलका केला.

सुभेदार बाजूला बसून कातळाच्या खाचांत अडकलेला तंगूस सोडवत होते. नात जवळ गेली. "आजोबा, त्या बारा सेकंदांत भीती नाय वाटायची?"

"पहिल्या वेळी वाटली," ते म्हणाले. "सरावच होता, तरी वाटली. धर हे रीळ, नीट गुंडाळ."